टोकावर लिहिलेली तारीख

गल्लीतले लोक तिला ढलपीमावशी म्हणत. दुकानातून ती बाहेर पडली की तिच्या केसांत नाहीतर स्वेटरच्या विणीत रंध्यानं काढलेली एखादी तरी लाकडाची ढलपी अडकलेली असायचीच. नवरा म्हणायचा, "ही हरवली तर पोलिसांत जायला नको. ढलप्यांच्या मागोमाग चालत राहायचं, सापडेल."

मावशी गिटारी बनवायची. वर्षाला सात, फार तर आठ. खाली दुकान, वर दोन खोल्यांचं घर. एका बाजूला चपला शिवणारा, दुसऱ्या बाजूला लॉन्ड्री. लॉन्ड्रीतल्या इस्त्र्यांची वाफ भिंतीतून झिरपते आणि लाकूड फुगवते, अशी तिची कायमची तक्रार. भिंतीवर दोन घड्याळं होती. एक वेळ दाखवायचं, दुसरं हवेतला ओलावा. वेळेच्या घड्याळाकडे तिचं फारसं लक्ष नसे. ओलाव्याचा काटा मात्र ती दिवसातून दहा वेळा बघे, आजारी मुलाच्या कपाळाला हात लावून बघावं तसा.

हे काम तिला माहेराहून आलेलं नव्हतं. लग्न होऊन आली तेव्हा गिटारीला तारा किती असतात हेही तिला ठाऊक नव्हतं. कारागीर होते सासरे, तिचे मामंजी. त्यांच्या मुलाला लाकडाच्या भुशानं शिंका यायच्या, आणि मामंजींच्या शब्दांत सांगायचं तर, "एक शिंक अशी आली की पोरगं थेट पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात जाऊन पडलं, ते तिथेच चिकटलं." मग सरस उकळायचं काम सुनेकडे आलं. जनावरांच्या कातड्यापासून केलेला हा चिकट पदार्थ पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवून मंद आचेवर वितळवावा लागतो, आणि त्याचा वास असा की घरातले सगळे नाक धरून पळायचे. ती पळाली नाही. दुसऱ्या वर्षी हातात कानस आली, चौथ्या वर्षी पटाशी. दहाव्या वर्षी मामंजींनी तिनं बनवलेली गिटार कानाशी धरून पाठीवर टिचकी मारली आणि म्हणाले, "बरं आहे." एवढं कौतुक त्यांनी स्वतःच्या मुलाचं कधी केलं नव्हतं.

मामंजींचे लाकडाबद्दल दोन नियम होते. पहिला: फळी दुकानात आली की तिच्या टोकावर निळ्या पेन्सिलीनं तारीख आणि कुणाकडून घेतली ते लिहायचं. दुसरा: फळी कामाला घेतली की आधी दोन्ही टोकं चार-चार बोटं कापून टाकायची, कारण लाकूड टोकाकडून तडकतं आणि तडा आत शिरला की वाद्य गेलं. दोन्ही नियम रास्त होते. कापलेली टोकं जायची सरसाच्या शेगडीत. म्हणजे लाकडाचा जन्मदाखला मन लावून लिहायचा आणि कामाच्या पहिल्याच दिवशी स्वतःच्या हातानं जाळायचा. पन्नास वर्षं हे असंच चाललं होतं, आणि दोघांपैकी एकाच्याही डोक्यात प्रकाश पडला नव्हता.

तो पडला बारकीमुळे.

बारकी म्हणजे मावशीची एकुलती एक लेक. जन्मली तेव्हा मुठीएवढी होती म्हणून बारकी; आता दारातून वाकून यायची, तरी नाव तेच. सात वर्षांची असल्यापासून गिटार वाजवायची. सोळाव्या वर्षी आईनं तिच्यासाठी काळ्या शिसवाची गिटार केली. पाठ अशी, की जांभळ्या-काळ्या रेषा दोन्ही बाजूंना आरशात बघितल्यासारख्या जुळलेल्या. आवाज तर असा, की चपला शिवणारा हातातला दाभण थांबवून म्हणायचा, "मावशी, पोरगी वाजवतेय की विहिरीतून कुणी बोलतंय?"

त्याच गिटारीवर वाजवून बारकीला परदेशातल्या एका संगीतशाळेत जागा मिळाली. तीन वर्षं, राहण्याच्या सोयीसकट. घरात आनंद झाला. मावशीला आनंद झाला आणि त्याच क्षणी काळजीही लागली. मोजे किती, तिथे थंडी किती, रात्री परत येताना रस्त्यावर दिवे असतील का, यातच ती गढली होती. तेवढ्यात शाळेकडून आलेल्या कागदांच्या गठ्ठ्यात एक फॉर्म निघाला.

वाद्य सोबत आणणार असाल तर ते कशाचं बनलं आहे, ते लिहा. पुढे संरक्षित लाकडांची यादी, आणि त्यात या जातीचं शिसव पहिल्याच ओळीत. ज्या जंगलांत ते वाढतं तिथे ते जवळजवळ संपलं होतं, म्हणून तीस-पस्तीस वर्षांपूर्वीच त्याच्या व्यापारावर बंदी आली होती. बंदीच्या आधी विकत घेतलेलं लाकूड असेल, आणि बनवणाऱ्यानं तसं सही करून दिलं, तर परवाना मिळणार. नाहीतर गिटार सरहद्दीवरच अडकवून ठेवणार.

"कर की मग सही," बारकी म्हणाली. "आजोबांचं लाकूड तर कधीचं आहे."

"हो," मावशी म्हणाली, पण पेन उचललं नाही.

आजोबांचं लाकूड खरंच कधीचं होतं. पण दुकानात शिसव दोनदा आलं होतं. एकदा मामंजी तरुण असताना, बंदीच्या कितीतरी आधी. आणि दुसऱ्यांदा बारा वर्षांपूर्वी, मावशीच्या हातानं. एक गोडबोल्या व्यापारी टेम्पो घेऊन आला होता. "बंद पडलेल्या पियानोवाल्याच्या गोदामातलं आहे, ताई. डोळे झाकून घ्या," म्हणाला. तिनं डोळे झाकूनच घेतलं. ओल्या फडक्यानं फळी पुसली, आतला काळा-जांभळा रंग वर आला, आणि पुढचं काही विचारायचं तिला सुचलं नाही. आठ फळ्या. कोणता पियानोवाला, कुठलं गोदाम, कागद कुठे आहेत, यातलं एकही वाक्य तोंडातून निघालं नाही. टोकावर निळ्या पेन्सिलीनं तारीख मात्र इमानेइतबारे घातली. मग त्या फळ्या मामंजींच्या उरलेल्या फळ्यांबरोबर लाकूड रचायच्या एकाच घोडीवर रचल्या.

बारकीची गिटार कुठल्या फळीची? टोकं तर केव्हाच शेगडीत गेली होती.

जेवताना विषय निघालाच.

"माझंच आहे ते," मामंजी म्हणाले. त्यांना आता दिसायचं कमी, पण ऐकायचं व्यवस्थित चालू होतं. "कर सही."

"मामंजी, तुम्हाला नक्की आठवतं?"

"मला सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही. पण सूनबाई, झाड कापलं गेलं ते गेलं. आता तू सही केली नाहीस म्हणून ते पुन्हा उभं राहणार आहे का?"

"तेच म्हणतेय मी," बारकी म्हणाली.

नवऱ्यानं पोळीचा तुकडा ताटात फिरवत विचारलं, "आणि पकडलं तर? तिथे पोरीला बसवून ठेवतील. आपण इथे, ती तिथे."

मावशीनं हातातला घास ताटात ठेवला. खरं सांगायचं तर गेले दोन दिवस तिला झाडापेक्षा हीच भीती जास्त होती. एका परक्या खोलीत, टेबलापाशी, लेक एकटी बसलेली. समोर गणवेशातला कुणी माणूस गिटारीची पाठ नखानं खरवडतोय. हे चित्र हटता हटेना.

"बाबा, तुम्ही शुभ बोला जरा," बारकी म्हणाली आणि ताट उचलून उठली.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानात मावशीला एक गोष्ट आठवली आणि ती हातातलं काम टाकून माळ्यावर चढली. प्रत्येक गिटारीचा एक तुकडा बाजूला काढून ठेवायची तिची पद्धत होती. त्याच फळीतला, तळहाताएवढा. उद्या वाद्य पडलं, फुटलं, तर ठिगळाला त्याच लाकडाचं लाकूड हवं. दुसरं लावलं तर ते डोळ्यांत खुपतं आणि आवाजातही. असे तुकडे बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत होते, दोऱ्यानं बांधलेले, प्रत्येकाला चिठ्ठी. "डॉक्टरीणबाई." "चर्चमधले काका." "उधारीवाला." तिसऱ्या डब्यात तळाशी सापडली: "बारकी."

तिनं तुकडा खाली आणून खिडकीपाशी धरला. एक बाजू रंधून गुळगुळीत केलेली. दुसरी खडबडीत, करवतीतून निघाली तशीच. त्या बाजूवर बारीक ओरखडे होते. ती बघत राहिली. मग तुकडा मामंजींच्या हातात दिला.

मामंजी खिडकीजवळच्या स्टुलावर बसलेले असत. त्यांनी आधी तुकड्याचा वास घेतला, मग अंगठा खडबडीत बाजूवर ठेवून हळूच फिरवला. एकदा. पुन्हा उलट्या दिशेनं. त्यांच्या काळातलं शिसव दोन माणसांनी दोन बाजूंनी करवत ओढून कापलेलं होतं, त्यांच्या डोळ्यांदेखत. त्याचे ओरखडे सरळ असतात. मशिनचं गोल पातं फिरतं तेव्हा कमानी उमटतात, ताटाच्या कडेसारख्या.

"गोल आहे," ते म्हणाले.

"हो."

"म्हणजे तुझं आहे."

"माझंच."

लॉन्ड्रीतली इस्त्री भिंतीपलीकडे फुसफुसली.

"घेताना विचारलं होतंस?" मामंजींनी विचारलं.

"नाही."

"का गं?"

मावशीनं तुकडा परत घेतला. "विचारलं असतं तर घेता आलं नसतं."

म्हाताऱ्यानं मान हलवली. रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं. ते म्हणाले, "लाकूड बघितल्यावर मीही विचारलं नसतं. तेवढं सुंदर होतं." आणि मग खालच्या आवाजात, "आपण दोघांनीच बघितलंय हे. शेगडी पेटलेलीच आहे."

शेगडी खरंच पेटलेली होती. सरसाचं भांडं वर ठेवलेलं, पाण्याला बारीक बुडबुडे. मावशी तुकडा घेऊन तिच्यापाशी जाऊन उभी राहिली. तळहाताएवढं लाकूड. दहा मिनिटांत राख. मग ती पुन्हा 'मला नक्की माहीत नाही' असं म्हणू शकली असती, आणि माहीत नसलेल्या गोष्टीवर माणसं रोजच सह्या करतात. आयुष्यभर या शेगडीत टोकंच तर घातली होती, एक आणखी. हात पुढे झालाही. पण आच लागून तुकड्यातून तो गुलाबासारखा, किंचित गोडसर वास निघाला, आणि तिच्या मनात आलं की आता आपण जाळतोय ते मात्र ठाऊक असून जाळतोय. तिनं हात मागे घेतला. तुकडा एका कडेला करपला होता. तिनं तो फडक्यानं पुसून खिशात टाकला.

संध्याकाळी बारकी रियाजाला बसायच्या आत तिनं तो तिच्यासमोर ठेवला आणि सगळं सांगितलं. टेम्पो, ओलं फडकं, न विचारलेले प्रश्न. शेगडीसुद्धा.

बारकीनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे तू सही करणार नाहीस."

"नाही."

"तुला माझ्यापेक्षा एक मेलेलं झाड मोठं?"

"झाडासाठी नाही गं. झाडाचं मी बारा वर्षांपूर्वीच वाटोळं केलं. सही माझी आहे, म्हणून."

"आणि जागा माझी आहे! त्यांनी मला या गिटारीवर निवडलंय, आई. तुझ्या सहीवर नाही."

"पकडलं असतं तर—"

"पकडलं असतं तर माझं मी बघितलं असतं! तुझी भीती माझ्या गळ्यात का बांधतेस?"

त्यात तथ्य होतं. सत्य आणि भीती दोन्ही एकाच घोडीवर रचून ठेवलेली, कुठली फळी कुठली हे तिलाही वेगळं करून सांगता आलं नसतं. बारकी वर निघून गेली. त्या दिवशी घरात गिटार वाजली नाही. चपला शिवणाऱ्यानं दुकान बंद करताना डोकावून विचारलं, "पोरगी आजारी आहे का?"

परवान्याच्या ऑफिसात मावशी एकटीच गेली. फॉर्मवर तिनं लिहिलं होतं: लाकूड बंदीनंतर घेतलं, विक्रेत्याकडे कागद मागितले नाहीत. खिडकीतल्या बाईंनी वाचलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं.

"ताई, इथे 'बंदीआधीचं' लिहिलं असतंत तर मी मानही वर केली नसती."

"माहीत आहे मला."

"हे मी कुठल्या फायलीत लावू? अशी फाइलच नाही आमच्याकडे." मग जरा सौम्यपणे म्हणाल्या, "परवाना मिळणार नाही. बंदीनंतरचं लाकूड आहे असं तुम्हीच लिहून दिलंय, तेव्हा चौकशीला माणूस येईल. राहिलेल्या फळ्या विकू नका, हलवू नका. आणि नाव काय त्या व्यापाऱ्याचं?"

मावशीला नाव ठाऊक नव्हतं. तेही तिनं विचारलं नव्हतं.

निघायला एकोणीस दिवस राहिले होते. बारकीशी बोलणं चालू होतं, पण मोजकं: मीठ दे, दार लाव. चौथ्या दिवशी मावशी खालून आली तर वरच्या खोलीतून गिटारीचा आवाज येत होता, आणि तो शिसवाचा नव्हता. बारकी "कपाट" घेऊन बसली होती.

कपाट ही मावशीनं तीन वर्षांपूर्वी केलेली अक्रोडाची गिटार. गिऱ्हाइकं ती हातात घेत, पाठ बघत आणि म्हणत, "घरातल्या कपाटासारखी दिसते हो." तेव्हापासून तिचं नाव कपाट. तारांखालची, बोटं ठेवायची पट्टी नासपतीच्या लाकडाची. गंजके खिळे व्हिनेगरमध्ये भिजवून त्या पाण्यानं काळी केलेली. तारा टेकतात ते हाड खाटकाकडचं. विकली गेली नाही म्हणून खुंटीवरच लटकत होती.

"हिला तोंडच उघडत नाही," बारकी मान वर न करता म्हणाली. "उत्तर येतं, पण हात वर करत नाही, अशी मुलगी असते ना वर्गात."

"आतल्या आधाराच्या पट्ट्या जाड राहिल्यात. तासून देऊ?"

"दे."

त्या 'दे'वर मावशी पंधरा दिवस जगली. गिटारीच्या भोकातून हात आत घालून, कोपरापर्यंत ओरखडे काढून घेत, तिनं आतल्या पट्ट्या केसा-केसानं तासल्या. रोज सकाळी तासायचं, दुपारी बारकीनं वाजवायचं. "अजून." "खालच्या सुरांना थोडं." "बास आई, आता पातळ झाली." "कुठे झाली? तुझा अंगठा आळशी झालाय." मामंजी मध्ये स्टुलावर बसून न्यायाधीशासारखे ऐकत आणि दोघींनाही चूक ठरवत. कपाट विहिरीतून काही बोललं नाही. पण निघायच्या आदल्या आठवड्यात चपला शिवणारा दाभण थांबवून म्हणाला, "ही कोण नवीन?"

विमानतळावर बारकीनं आईला मिठी मारली. जराशी घाईत, पण मारली. पेटीवर अक्रोड, नासपती, हाड असं लिहिलेला एक कागद चिकटवला होता. तो कुणी मागितला नव्हता.

चौकशीचा माणूस येऊन गेला. उरलेल्या फळ्यांवर त्यानं सील लावलं. शिसवाची गिटार घरी राहू दिली, विकायची नाही या अटीवर. मामंजी ती कधीमधी मांडीवर घेऊन नुसते कुरवाळत बसतात. आणि दुकानात आता फळीच्या टोकावर कुणी लिहीत नाही. तारीख आणि गाव लांबीभर, हातभर अंतरानं पुन्हा पुन्हा लिहितात, म्हणजे कुठूनही कापलं तरी एखादी उरेल.

बारकीचा फोन रविवारी दुपारी येतो. सहाव्या रविवारी आधी थंडीचं बोलून झालं, जेवणाचं झालं, मग ती म्हणाली, "काल सगळ्यांसमोर वाजवायचं होतं. सरांनी विचारलं, निवडीच्या वेळी दुसरी गिटार होती ना?"

मावशीनं खुर्ची ओढून घेतली. "मग काय सांगितलंस?"

"सांगितलं, ती घरी आहे. जंगलातून चोरलेल्या लाकडाची निघाली."

"सगळ्यांसमोर?"

"मग काय सांगू, उंदरांनी खाल्ली?"

"माझं नाव घेतलंस?"

"घेतलं. म्हटलं, आईनंच शोधून काढलं आणि आईनंच लिहून दिलं. मी तिच्याशी चार दिवस धड बोलले नाही, तेही सांगितलं."

मावशीचे कान तापले. ओळखीच्या नसलेल्या वीस-पंचवीस माणसांसमोर, इतक्या दूर, तिची अब्रू टांगली गेली होती. आणि ज्या आवाजात लेक हे सांगत होती, तो आवाज ओशाळा नव्हता.

"काय म्हणाले मग ते?"

"काही नाही. एका मुलानं घरी फोन लावला, स्वतःच्या गिटारीचं विचारायला." मग लगेच, "आई, ते जाऊ दे. खालची तार सातव्या पडद्यावर खरखरतेय. ऐक."

बारकीनं फोन गिटारीजवळ धरला असावा. एक सूर आला, मग पुन्हा तोच. मावशीनं हात वर करून नवऱ्याला टीव्ही बंद करायला लावला.

"पुन्हा वाजव," ती म्हणाली. "खोलीत हीटर लावतेस का?"

"दिवसभर."

"मग लाकूड सुकलंय. पेटीत ओल्या स्पंजची डबी ठेव, झाकणाला भोकं पाडून. दोन दिवसांनी मला पुन्हा ऐकव."

"रविवारीच करते फोन."

"दोन दिवसांनी," मावशी म्हणाली.

"बरं बाई, मंगळवारी."